कुलूप

शहापूर, बेळगाव

चि. सुमीस आशीर्वाद.

धारवाडला पोचल्याचा फोन आईला केलास, मला नाही. बरोबरच आहे. डब्यातली भाकरी खाल्लीस का, तेवढं मात्र तिच्याकडून कळलं नाही.

आज्जीच्या ट्रंकेचं कुलूप तू चार दिवस तारेनं कोरत बसलीस, आणि तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात मी ब्लेड मारून कडी कापली. दोन मिनिटांचं काम. आत दोन इरकली आणि जुनं रेशनकार्ड. तुला आतलं काही नकोच होतं, हे तुझं तोंड बघून कळलं. वर मी ‘फुकटचा उद्योग’ म्हणालो.

बसमध्ये चढता चढता तू उंदरांचं ऐकवलंस. १९६३ साली जेन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं फुकट दाण्याची वाटी समोर ठेवली, तरी उंदीर दांडी दाबून दाणा मिळवत राहिले. कंडक्टर हसला. मला रात्री झोप नाही. पण पोरी, दांडी दाबून का होईना, उंदरानं खाल्लं तरी! तू ताट झाकून बसतेस, सकाळी त्याला मुंग्या.

हार्लो नावाच्या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या माकडांचंही तूच सांगितलेलंस, १९५० चं. खिट्टी, आकडा, कडी सगळं नुसत्या नादानं उघडायची. खाऊ ठेवला तशी चुकायला लागली. ते मला पटलं. उद्यमबागेत लेथवर होतो तेव्हा जॉबची, म्हणजे घडवलेल्या भागाची आतली, कुणाला न दिसणारी बाजूसुद्धा मी बोट फिरवून बघायचो. नगावर पैसे सुरू झाले आणि ती सवय कधी गेली कळलं नाही. तुझी जाऊ नये.

तरी परीक्षेच्या महिन्यात असलं करू नये, वेळेवर जेवावं, रात्री दोनपर्यंत... झालं, परत सुरू झालो. माफ कर.

काल कुलूप व्हाइसमध्ये धरून मागचे रिव्हेट कानशीनं घासले. आत पाच लिव्हर आहेत, किल्लीनं उचलायच्या पट्ट्या. तू चार म्हणाली होतीस. पाचवं गंजून चौथ्याला चिकटलंय, तिथंच तुझी तार अडत होती. रॉकेलमध्ये भिजत घातलंय. आईनं जेवायला तीनदा हाक मारली म्हणे. आमटी गार झाली.

तुझा अप्पा