जळालेले जंगल आणि खणलेले जंगल

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कॅनडातील वणवे आणि तेथील वृक्षलागवड यांविषयी आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे. परंतु वणव्यात होरपळलेली जमीन आणि खाणीसाठी उकरलेली जमीन या दोहोंना त्यात ‘उजाड झालेले जंगल’ असे एकाच मापाने मोजले आहे आणि दोहोंवर झाडे लावणे हा एकच उपाय सांगितला आहे. ज्याची सारी नोकरी मृदाशास्त्र शिकवण्यात गेली, त्याला हे खटकल्यावाचून राहत नाही.

२०२३ साली कॅनडात दीड कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र वणव्यांच्या तडाख्यात सापडले, हे खरेच आहे. पण उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलाला आग नवी नाही. जॅक पाइनची राळेने घट्ट मिटलेली शंकूफळे धगीनेच उघडतात आणि बी सांडतात, अ‍ॅस्पेन जमिनीखालच्या मुळांवर नवे फुटवे काढतो, आणि आग फार खोल गेली नसेल तर काही सेंटिमीटर खालच्या मातीत बुरशीचे तंतू, बीजाणू आणि जिवाणू तग धरून राहतात. त्यामुळे नव्या रोपाच्या मुळाला सोबती जागच्या जागी मिळतो. वणवे फार कमी अंतराने येऊ लागले किंवा पीटचा, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, थर आतल्या आत धुमसत राहिला, तर हे गणित बिघडते. तरीही तिथे निदान माती जागेवर असते.

खाणीत नेमकी तीच नसते. अल्बर्टा प्रांतात फोर्ट मॅकमरेच्या उत्तरेला, अथाबास्का नदीच्या खोऱ्यात, १९६७ पासून तेलवाळूच्या, म्हणजे डांबरासारखे घट्ट तेल मिसळलेल्या वाळूच्या, उघड्या खाणी चालू आहेत. खाण उघडताना झाडे तोडली जातात, दलदलीचे पाणी काढून टाकले जाते, पालापाचोळ्याचा आणि पीटचा थर खरवडला जातो, आणि मग खालचे खडक-मातीचे आवरण उपसून तेलवाळूपर्यंत पोचतात. काम संपल्यावर हाती उरते ती तेल धुऊन काढलेली वाळू आणि सोडियमच्या क्षारांनी भरलेला उपसा. ही जमीन पूर्वीच्या तोडीची क्षमता येईल अशी करून परत द्यावी, असे तिथला कायदा सांगतो. सिंक्रूड कंपनीच्या ‘गेटवे हिल’ या १०४ हेक्टरांच्या टेकडीला असे प्रमाणपत्र २००८ च्या मार्च महिन्यात मिळाले. तिथले काम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतले होते, म्हणजे एवढ्याशा तुकड्याला पाव शतक लागले, आणि खाणींचे एकूण क्षेत्र तर शेकडो चौरस किलोमीटर आहे. शिवाय जिथे पूर्वी सखल पाणथळ होती तिथे आता झाडांची कोरडी टेकडी उभी आहे. तिला पूर्वीचे जंगल म्हणावे का, हा प्रश्न तिथेही विचारला गेला आहे.

या मातीत असे काय असते की ते सहज परत आणता येत नाही? स्प्रूस किंवा पाइन या सूचिपर्णी झाडांचे मूळ हलक्या हाताने धुऊन भिंगाखाली धरले, तर त्याची टोके आखूड, जाडसर आणि पांढऱ्या किंवा तपकिरी मोज्यात घातल्यासारखी दिसतात. पाइनची टोके तर अनेकदा इंग्रजी वाय अक्षराप्रमाणे दुभंगलेली असतात. तो मोजा म्हणजे बुरशीचे आवरण. त्यातून निघणारे केसाहून बारीक तंतू, मूळ जाऊ शकणार नाही इतक्या अरुंद फटींत शिरतात, पाणी, स्फुरद आणि नत्र आणून देतात आणि मोबदल्यात झाडाने बनवलेली साखर घेतात. आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली या जोडीला मायकोरायझा हे नाव दिले. उत्तरेच्या थंडीत पाचोळा वर्षानुवर्षे कुजत नाही, नत्र त्यात अडकून राहते, आणि ते सोडवून झाडापर्यंत पोचवण्याचे काम बरेचसे या बुरशींकडे असते. आल्डर या झाडाच्या मुळांवर फ्रँकिया नावाच्या जिवाणूच्या पोवळ्यासारख्या गुच्छेदार गाठी असतात. आपल्या तुरीच्या किंवा सोयाबीनच्या मुळांवरील रायझोबियमप्रमाणेच हा जिवाणू हवेतील नत्र बांधतो, म्हणून निकृष्ट जमिनीवर आल्डर आधी लावणे शहाणपणाचे ठरते. स्वीडनच्या उत्तरेकडील सरोवरांतल्या जंगली बेटांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या मातीत साठलेल्या कार्बनपैकी ५० ते ७० टक्के भाग वरून पडलेल्या पाचोळ्यातून नव्हे, तर मुळे आणि मुळांशी निगडित सूक्ष्मजीव यांच्यातून आलेला आढळला. लागवडीचे यश फक्त खोडे मोजून ठरवणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

खरवडलेली वरची माती खाणवाले टाकून देत नाहीत, ढीग करून ठेवतात, हे मान्य. पण ढीग उंच असला की त्याच्या पोटात हवा पोचत नाही. मुळांचे तुकडे आणि बिया मरतात, बुरशी कमी होत जाते, आणि पुढे तो ढीग पसरला की मातीच्या रंगाचे, पण बरेचसे निर्जीव झालेले द्रव्य पसरल्यासारखे होते. खरवडलेला थर त्याच हंगामात तयार जमिनीवर नेऊन टाकला, तर त्यातील बिया, मुळे आणि बुरशी यांचा मोठा भाग वाचतो. दुसरी गोष्ट पीटची. पीट मुबलक मिळतो, म्हणून खनिज माती आणि पीट यांचे मिश्रण सर्रास पसरले जाते. पाणी धरून ठेवायला ते चांगले आहे, पण पीट हा दलदलीचा. उंचवट्यावरच्या जंगलाच्या बिया आणि बुरशी त्यात कुठून असणार? त्यासाठी उंचवट्यावरच्या जंगलातील पाचोळ्याचाच थर लागतो. सुरुवातीच्या काळात धूप थांबावी म्हणून अशा जमिनींवर बार्ली आणि दाट गवत पेरले जाई. गवताने धूप थांबवली, पण रोपांच्या तोंडचे पाणी आणि खतही पळवले.

यावर सोपा उपाय म्हणून बुरशीची पाकिटे पुढे केली जातात. आपल्याकडील कृषी सेवा केंद्रात मायकोरायझाचे पाकीट मिळते. ती बुरशी ज्वारी, कापूस, कांदा यांच्या मुळांच्या आत शिरणारी आहे. कोबी-मोहरीलासुद्धा तिचा उपयोग नाही, मग स्प्रूस-पाइनच्या मुळांवर मोजा चढवणाऱ्या बुरशीचे तर कूळच निराळे. योग्य कुळाची बुरशी रोपवाटिकेत लावली, तरी मोकळ्या रानात ती टिकेलच असे नाही, आणि असे प्रयोग कुठे फळतात तर कुठे वाया जातात. इथे एक अवांतर गोष्ट नोंदवतो. कॅनडातील वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड यांच्या १९९७ च्या संशोधनानंतर, झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई-झाड पिलांना भरवते, अशा कथा फार लोकप्रिय झाल्या. अल्बर्टा विद्यापीठातील जस्टिन कार्स्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०२३ साली उपलब्ध पुरावे तपासून, रानातल्या परिस्थितीत यातील बरेच दावे सिद्ध झालेले नाहीत, असे दाखवून दिले. बुरशीचे महत्त्व त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, पण भावुक कथांवर पाकिटे विकणाऱ्यांचा आधार मात्र कमी होतो.

माती आधी सुधारण्याचे चांगले उदाहरण ऑन्टॅरिओतील सडबरी येथे आहे. निकेल आणि तांब्याच्या भट्ट्यांतील गंधकाच्या धुराने तिथली सुमारे २०,००० हेक्टर जमीन पूर्ण उघडी पडली होती. माती आम्लधर्मी झाली होती आणि तांबे-निकेल विरघळून मुळांना जाळत होते. १९७८ पासून विद्यार्थ्यांनी आणि काम सुटलेल्या कामगारांनी पाठीवर पोती वाहून हेक्टरी सुमारे १० टन चुनखडीचा भुगा हाताने पसरला आणि त्यावर थोडे खत व गवत-क्लोव्हरचे बी टाकले. सामू (पीएच) वाढताच, म्हणजे आम्लता कमी होताच, बर्च कोणी न लावता आपोआप उगवू लागला. पाइनची लाखो रोपे त्यानंतर आली. पुढे झाडे मोठी झाली, पण त्यांच्या पायाशी जंगलाची जमीन तयार होत नाही, हे लक्षात आल्यावर रस्तारुंदीकरणात जाणाऱ्या जंगलातील जमिनीचे थर मुळा-बुरशीसकट चटईसारखे कापून तिथे नेऊन बसवण्यात आले. ही मेहनत महागडी आहे, म्हणूनच जमीन मुळात किती जपून खरवडावी याचा हिशेब तिच्यावरून होतो.

या विषयाचे काम आपल्याकडेही झाले आहे, हे लेखात यायला हवे होते. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने सावनेर तालुक्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), नत्र बांधणारे जिवाणू रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा यांचा एकत्र वापर करून झाडे वाढवून दाखवली. हवामान वेगळे, झाडे वेगळी, बुरशीही वेगळी. क्रम मात्र तोच, आधी माती आणि मग रोप. याउलट २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट जाहीर केले, तेव्हा सारी चर्चा रोपांच्या संख्येभोवतीच फिरली. खाणीतील वरची माती वेगळी काढून पुन्हा वापरावी, अशी अट आपल्याकडेही घातली जाते. ती माती कोणत्या महिन्यात काढली, ढीग किती उंच आणि किती वर्षे पडून राहिला, आणि शेवटी कोणत्या जमिनीवर पसरला, या चार नोंदी प्रत्येक खाणीने दरवर्षी जाहीर कराव्यात, अशी मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी. चंद्रपूर-गडचिरोलीतील आपल्या वार्ताहरांनी याच पावसाळ्याआधी त्या मागितल्या, तर उत्तम.

आपला नम्र,
मृदाशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, अकोला