बुरशी नर्सरीतच द्या, मोठ्या बागेत पुड्या ओतून काय होणार

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या पुरंदर भागात हल्ली कुठल्याही कृषी सेवा केंद्रात गेलं की मायकोरायझाची, म्हणजे झाडाच्या मुळात राहणाऱ्या उपयोगी बुरशीची, पुडी हातात देतात, अंजीर असो सीताफळ असो नाहीतर डाळिंब, ड्रीपमधून सोडा पांढरी मुळी सुटते, एवढंच सांगतात. ही बुरशी कामाची आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही पण ती कधी द्यायची आणि त्याआधी काय बंद करायचं हे कुणी सांगत नाही म्हणून हे पत्र लिहितोय.

स्फुरद (फॉस्फरस) मातीत जागचा फारसा हलत नाही. मुळाच्या अगदी जवळचा, एक दोन मिलीमीटरमधला संपला की मूळ उपाशी राहतं. ही बुरशी मुळाच्या आत शिरते आणि तिचे तंतू बाहेर काही सेंटिमीटर लांब जाऊन स्फुरद, जस्त ओढून आणतात, बदल्यात झाड तिला साखर देतं. आमच्याकडं चुनखडीच्या जमिनी, स्फुरद कॅल्शियमला धरून बसतो, त्यामुळं इथं तर ती पायजेच.

आता मुद्दा असा की डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, भरपूर पडलेल्या बागेत झाड बुरशीला मुळात नीट शिरूच देत नाही, त्याला गरजच वाटत नाही. त्यात मर रोग आला म्हणून मुळाशी कार्बेन्डाझिमची आळवणी, शेवटी ते बुरशीनाशकच, आणि त्याच आठवड्यात मायकोरायझाची पुडी. शेतकऱ्याचे पैसे असे जातात आणि मग म्हणायचं हे सगळं फसवं आहे. बागेत आंतरपीक म्हणून कोबी फ्लॉवर घेतात त्यांनी पण लक्षात घ्यावं, या पिकांच्या मुळात ही बुरशी राहत नाही, कांद्याच्या मुळात मात्र छान वाढते.

खरी जागा नर्सरी. अमेरिकेत लिंबूवर्गीय रोपांच्या नर्सरीत रोग जावा म्हणून माती धुरीने निर्जंतुक करायचे, रोग जायचा पण रोपं खुरटायची, खत घालूनही. १९७२ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं की मातीतली ही बुरशीच मेली होती. आज आपल्याकडं वेगळं काय चाललंय? टिश्यू कल्चरची केळी, डाळिंबं लॅबमधून येतात, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) हार्डनिंग होतं, म्हणजे रोप बाहेरच्या हवेला सरावतं, कोकोपीटमध्ये ही बुरशी नसते, म्हणजे रोप शेतात येतं ते एकटंच. पिशवी भरतानाच मुळाखाली चमचाभर या बुरशीचं कल्चर टाकलं तर कितीसा खर्च येतो, मोठ्या बागेला एकरी पुड्या ओतण्यापेक्षा कितीतरी कमी. अंजिराचे फाटे पिशवीत लावताना पण हेच करता येतं, फुटणारी मुळी थेट बुरशीला भिडते. नर्सरीवाल्यांनी हे करावं आणि रोपाच्या बिलावर लिहून द्यावं.

दुसरं म्हणजे मालाची तपासणी. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळं चांगलं कल्चर तयार करणं सोपं नाही, आणि आपल्याकडं पुड्या एप्रिल मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये पडून असतात. फर्टिलायझर कंट्रोल ऑर्डर १९८५ खाली मायकोरायझाला मानक ठरवलेलं आहे, मग दुकानातले नमुने काढून निकाल छापायला काय हरकत आहे? शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे, मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे, मुळाला निळा रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं की बुरशी शिरली का नाही ते दिसतं, ही सोय फीच्या बदल्यात शेतकऱ्याला मिळाली तर आम्ही मुळ्या घेऊन स्वतः येऊ.

आणि फळ गोड होतं, रंग येतो अशी जाहिरात करणाऱ्यांना एक विनंती. दुष्काळात झाड तग धरतं, अन्नद्रव्यं उचलतं, त्यातून फळाचा आकार दर्जा सुधारू शकतो हे खरं, पण खट्टा बहाराचं, म्हणजे कमी गोडीच्या हंगामाचं, अंजीर पुडीने गोड अशा मीठा बहारासारखं होईल असं नका सांगू.

आपल्या शेतीच्या पानावर यावर सविस्तर लेख यावा, तोही मे महिन्याच्या आत, कारण जून जुलैला लागवडी सुरू होतात आणि तेव्हा रोपं नर्सरीतून निघालेली असतात.

आपला,
एक अंजीर बागायतदार
सासवडजवळ, ता. पुरंदर, जि. पुणे