आधी शिवण बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुरवणीत पॅरिसच्या फॅशन शोचे फोटो आले, की चार दिवसांत वाचकांच्या पत्रांत 'हे घालणार कोण?' हा प्रश्न येतोच. यंदाही आला. एका वाचकांनी तर त्यातल्या एका झग्याला तंबू म्हटलं. मी तीस वर्षं शिवणयंत्रापुढे बसते आहे, म्हणून त्या तंबूची बाजू घ्यावीशी वाटते.

मी तो फोटो भिंग लावून पाहिला. घेर उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका, कापलेला दिसतो. उरेब कापड आपल्याच वजनाने खाली ओढलं जातं, तेही सगळीकडे सारखं नाही. त्यामुळे शिवून झालं की एक-दोन दिवस टांगून ठेवायचं आणि मगच खालची कड सरळ करून दुमडायची. घाई केली की चार दिवसांनी झगा एका बाजूला लोंबतो आणि गिऱ्हाईक दारात उभं राहतं. त्या तंबूचा घेर खोलीभर पसरलेला, पण कड कुठेही लोंबत नव्हती. मी तरी त्या कडेकडे बराच वेळ बघत बसले.

रॅम्पवरचं सगळं एका मापाने मोजणंही बरोबर नाही. दुकानात टांगायचे तयार कपडे वेगळे आणि 'ओत कुत्यूर', म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने हाताने शिवलेले उंची कपडे, वेगळे. हे नाव फ्रान्समध्ये कायद्याने राखलेलं आहे. पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा, तिथे किमान २० पूर्णवेळ कारागीर, जानेवारी आणि जुलैत मिळून वर्षाला दोन शो, असे नियम पाळावे लागतात. एवढे महाग कपडे घेणारे जगात मूठभर. फॅशनच्या मोठ्या घराण्यांचा गल्ला भरतो तो अत्तरं, लिपस्टिक आणि पर्सा विकून. तेव्हा 'घालणार कोण' याचं उत्तर त्यांनाही ठाऊक आहे.

आणि आज ज्याचं हसू येतं तेच उद्या आपण अंगावर घालतो. १९४७ च्या फेब्रुवारीत फ्रेंच डिझायनर दिओरने बारीक कंबर आणि मोठ्या घेराचे झगे आणले, तेव्हा युद्धानंतरची कापडाची टंचाई सरली नव्हती. पॅरिसच्या एका बाजारात फोटोसाठी उभ्या असलेल्या मॉडेलच्या अंगावरचे हे कपडे चिडलेल्या बायकांनी ओढून फाडले. पुढची काही वर्षं तोच घेर जगभर शिवला गेला. ब्रिटिश डिझायनर मॅकक्वीनची ढुंगणाचा वरचा भाग उघडा टाकणारी पँट १९९० च्या दशकात अश्लील ठरली होती. नंतर खाली बसणाऱ्या कमरेच्या जीन्स घरोघर आल्या. (त्यांच्या कमरा वर चढवून देता देता माझे हात दुखले, ते सोडा.)

डिझायनर हुसेन चालायान यांनी २००० साली लंडनच्या मंचावर लाकडी टेबलाचा घागरा केला. मॉडेल टेबलाच्या मधोमध उभी राहिली, टेबल कमरेपर्यंत वर ओढलं आणि चालू लागली. खुर्च्यांच्या खोळींचेही झगे झाले. घर सोडून पळावं लागलं तर माणूस काय अंगावर घेऊन निघेल, असा तो विचार होता. ते कोणी घालणार नाही, पण मी ते विसरलेले नाही.

माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. २०१० मध्ये शनेल या फ्रेंच घराण्याने शोसाठी स्वीडनहून सुमारे २६५ टन बर्फ पॅरिसला आणला. त्या शोमधले कपडे आज मला एकही आठवत नाहीत, बर्फ तेवढा आठवतो. २०२२ मध्ये कोपर्नी या फॅशन कंपनीच्या शोमध्ये मॉडेल बेला हदीदच्या अंगावर द्रव फवारून झगा केला. ते द्रव हवेत सुकून कापडासारखं होतं, शास्त्र म्हणून नवलाचंच. पण एका बाईने खांद्यावरचे पट्टे हाताने खाली सरकवले, कातरीने मांडीपाशी चीर दिली, तेव्हा कुठे त्याला झग्याचा आकार आला. जगभर फिरला तो फवारा. कातरीबद्दल कोण बोललं?

एका बाबतीत मात्र मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूची आहे. विकत घेणारीला घालता नाही आलं तर चालेल, पण जी घालून चालते तिला चालता आलं पाहिजे. १९९३ मध्ये डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूडच्या शोमध्ये वीतभर उंच बुटांवरून प्रसिद्ध मॉडेल नाओमी कॅम्पबेल धपकन बसली. ती स्वतः हसली, ते बूट आता लंडनच्या संग्रहालयात आहेत. मला मात्र त्या जागी एखादी नवखी, भाड्याची चिंता असलेली मुलगी दिसते. तिला असं हसता आलं असतं का, कोण जाणे.

एक विनंती. पुढच्या वेळी पॅरिसचे फोटो छापाल तेव्हा एखादा पाठीकडूनही छापा. तंबूची चेन कुठे बसवली आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक