दोस्ता, पोरांच्या हाताला काम दे

ठाणे,
रविवार, दुपार

प्रिय दोस्ता,

शालोम.

तुझं इस्राएलहून पत्र आलं त्याला तीन आठवडे झाले. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण तू लिहिलेलं एक वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून कागद घेऊन बसलो. तुझी सात वर्षांची लेक म्हणाली, ‘बाबा, सण म्हणजे गप्प बसायचं ना?’ आणि शुक्रवारचं, शब्बाथचा म्हणजे शनिवारचा विसावा सुरू करणारं जेवण तर तुमच्या घरात रडारडीशिवाय पार पडत नाही, असंही तू लिहिलंस. धाकटा ताटाला हात लावत नाही, तू रागावतोस, मग वहिनी तुझ्यावर रागावतात.

मला ते घर दिसलं रे. कारण तीन वर्षांपूर्वी ते माझंच होतं.

त्या वर्षी पेसाखला, म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) सुटकेच्या आपल्या यहुदी सणाला, सेदरच्या रात्रीच्या जेवणाआधी मी हग्गादा, त्या सुटकेच्या कथेची पोथी, पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एकही ओळ गाळायची नाही असं ठरवलं होतं. बाबा गेल्यानंतरचा पहिला सेदर होता आणि त्यांच्या जागी बसून त्यांच्यासारखंच सगळं करायचा मी हट्ट धरला होता. मिसरच्या फिरऔन राजापर्यंत पोचायच्या आत पोरगा भुकेने रडायला लागला. पोरगी टेबलाखाली जाऊन झोपली. मी आवाज चढवला. तारणाच्या रात्री घरात माझाच आवाज फिरऔनासारखा घुमला, आणि त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी आई भांडी पुसता पुसता म्हणाली, ‘अरे, आम्हाला लहानपणी कुणी बसवलंच नव्हतं. आम्ही कामात असायचो.’ रेवदंड्याच्या घरी सणाच्या आधी चार दिवस प्रत्येक पोराला काम नेमून दिलेलं असे. नारळ सोलून ठेवणं, वेलची कुटणं, कंदिलाची काच पुसणं. ते काम झालं नाही तर सण अडत असे. खरंच अडत असे, खोटं खोटं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात मी एवढीच गोष्ट धरून आहे. प्रत्येक सणात पोरांच्या हाताला असं काम द्यायचं की ज्याच्यावाचून पुढचं पाऊल पडणार नाही.

आणि बघ, आपल्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या यहुदी, आज्या-पणज्यांनी सणांना दिलेली नावंसुद्धा हेच सांगतात. तुझी लेक गनमध्ये, तिकडच्या बालवाडीत, रोश हशाना, योम किप्पूर शिकलीच आहे. तिला आता आपली नावं सांग. नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना, वर्षारंभ. खिरीचा सण, नव्या तांदळाची खीर शिजायची तो. दारफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, दारं लावून पांढऱ्या कपड्यांत उपास करायचा तो दिवस, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी दानधर्म करायचा आणि एकमेकांकडे जायचं. पेसाख म्हणजे अनशी ढाकायचा सण, कारण आंबट कालवणाचं भांडं त्या दिवसांत झाकून ठेवत. तिशा बेआव म्हणजे बिरड्याचा रोजा. यातल्या एकाही नावात न कळणारं काही आहे का? दार लाव, भांडं झाक, खीर ढवळ, वाल सोल. चार वर्षांच्या पोराला करून दाखवता येईल अशी नावं आहेत ही. माझ्या पोरीला दारफाळणीचा सण म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही. संध्याकाळी तिने स्वतःच दार लावलं, कडी घातली आणि म्हणाली, ‘झाला सुरू.’

बिरड्याचं काम तर पोरांसाठीच केल्यासारखं आहे. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि बोटांत दाबले की साल सुटून दाणा टुणकन उडतो. दिवस शोकाचा, बेत हामिकदाश, यरुशलेमचं मंदिर, पडल्याचा. आम्ही तो दिवस गमतीचा करत नाही. पण वाल सोलता सोलता आई त्यांना यरुशलेमच्या भिंतीची गोष्ट सांगते आणि ती दोघं ऐकतात, कारण हात गुंतलेले असतात.

आता शुक्रवारचं. तुझी खरी अडचण तीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही शुक्रवार गुरुवारी रात्रीच सुरू करतो. काळ्या मनुका पाण्यात भिजत घालायचं काम धाकट्याचं. तो मुठीने मोजतो, दोन मुठी मनुका. शुक्रवारी दुपारी शाळेतून आला की हात धुऊन त्या कुस्करतो, आई गाळून देते आणि किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या पेल्याचं, सरबत तयार होतं. तुमच्या अशदोदला दुकानात द्राक्षरसाच्या बाटल्या ढिगाने मिळतात, मला माहीत आहे. तरी मनुकाच भिजव. स्वतः कुस्करलेल्या सरबतावर बाप बराखा, म्हणजे आशीर्वाद, म्हणतो तेव्हा पोरगा त्या पेल्याकडे कसा बघतो ते तुला बघायला मिळेल.

दोन पोळ्या झाकायचा रुमाल पोरीने रंगवलाय. पीठ मळताना त्यांना एकेक गोळा मिळतो. त्याची कधी वेणी होते, कधी साप, आणि ज्याचं जे होईल ते भाजून टेबलावर येतं. दिव्याच्या पेल्यात आधी पाणी, त्यावर तेल, मग वात, हा क्रम आता मला नाही, पोरीला विचारायचा.

प्रार्थना मी छोटी केली. याबद्दल तुला पटणार नाही कदाचित, तुझे वडील सिनेगॉगात प्रार्थना म्हणवणारे हज्जान होते. पण विचार कर. आपल्या पूर्वजांना कोकणात कित्येक पिढ्या शमाएवढीच, देव एकच आहे म्हणणारी, प्रार्थना येत होती. तेलाचा घाणा चालवत, शनिवारी तो बंद ठेवत, ‘शमा इस्राएल’ म्हणत ते टिकले. मग धाकट्याला सध्या तेवढीच येऊ दे. डोळ्यांवर हात ठेवून तो मोठ्याने म्हणतो आणि त्या वेळी आम्ही सगळे थांबतो. बाकीचं मी मुलं टेबलावरून उठल्यावर म्हणतो.

आणि शनिवार संपवायचा तो गच्चीवर! तीन तारे कोण आधी शोधतं. पावसाळ्यात ढग असतात, मग घड्याळ बघतो, पण बाकी आठ महिने ही आमची सर्वांत लाडकी वेळ आहे. तिसरा तारा दिसला की खाली धावायचं, सब्ज्याची डहाळी हुंगायची, पीळ दिलेली मेणबत्ती धरायची. नखांवर तिचा उजेड बघायचा हे तर पोरं विसरूच देत नाहीत.

धाकटा ताटाला हात लावत नाही म्हणतोस. आमच्याकडे मासा हा उपाय निघाला. कोकणात येऊन आपण यहुदी आहोत हे ओळखणाऱ्या दाविद राहाबीची गोष्ट त्यांना सांगितली, तुला आठवते ना? आपल्या बायकांपुढे त्याने तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले, आणि त्यांनी खवले-पर असलेले, आपल्याला चालतात तेवढे, वेगळे काढले, तेव्हा त्याला खूण पटली. मग मी त्यांना बाजारात घेऊन गेलो. कोळणीच्या पाटीसमोर उकिडवे बसून दोघं तपासत होती. पापलेट चालेल. सुरमई चालेल. बांगडा चालेल. कोळंबी नाही, खेकडा नाही, मोरी नाही. ज्या पापलेटाला पोरीने ‘चालेल’ म्हटलं ते तिने त्या दिवशी न कुरकुरता खाल्लं. घरी आता पुठ्ठ्याचे मासे आहेत. ज्यावर टिकल्यांचे खवले ते ताटात, बाकीचे परत समुद्रात. जेवताना अजूनही सांडतं, अजूनही कुणी तरी उठून पळतं. पण ताटावरून भांडण होत नाही.

नव्याचा सण आता तोंडावर आहे, तेव्हा चिकाच्या हलव्याचं सांगतो. वहिनी कॉर्नफ्लॉवरचा करतात असं तू मागे म्हणाला होतास. यंदा एकदा गव्हाचा करून बघा, निव्वळ पोरांसाठी. तीन दिवस गहू भिजवायचे आणि रोज सकाळी पाणी बदलायचं, हे पोराचं काम. तिसऱ्या दिवशी तो नाक धरून पाणी ओततो. मग वाटायचे, गाळायचे, चीक खाली बसू द्यायचा. ताज्या नारळाच्या दुधात, साखर घालून मंद आचेवर ढवळत बसायचं. ढवळायला आम्ही पाळ्या लावतो, स्टुलावर उभं राहून, मागून मोठ्याचा हात. हलवा पातेल्याची कड सोडायला लागला की ओरडून सांगायचं. नारळाचं दूधच का, हे पोरीने विचारलं तेव्हा मटणाच्या जेवणाबरोबर गाईचं दूध चालत नाही हे तिला सांगता आलं. कश्रूतचा, आपल्या खाण्यापिण्याच्या धर्माचा, एवढा नियम ढवळता ढवळता शिकून झाला.

डाळिंबात 613 दाणे असतात, जितक्या देवाच्या आज्ञा तितके, असं म्हणतात ना? गेल्या वर्षी दोघांनी वर्तमानपत्र पसरून मोजायला घेतले. दोनशेच्या आसपास मोजदाद मोडली, कारण मोजणारे खातही होते. यंदा पुन्हा मोजणार आहेत.

सुकोतला, मांडवाच्या सणाला, ठाण्याच्या आपल्या सिनेगॉगच्या आवारात मांडव असतोच. शाआर हाशामाइम, 1879 सालचं, तुझी-माझी बार मित्स्वा, तेराव्या वर्षीचा संस्कार, झाली ते. पण पोरांचा स्वतःचा मांडव म्हणून बुटांच्या खोक्यात एक करतो. काड्यांच्या भिंती, वर झावळीच्या पात्या, आणि टॉर्च लावून छतातून ‘तारे’ दिसतात का ते तपासायचं. दिसले नाहीत तर पाती काढायची. हनुक्काचं, दिव्यांच्या सणाचं, थोडक्यात सांगतो. आठ दिवसांच्या मेणबत्त्या, बाकीच्या पेटवणारी रोजची शमाश धरून, 44 होतात, त्या पोरीकडून मोजून घेतो. आणि तुमच्या हनुक्काच्या भोवऱ्यावर ‘पे’ हे हिब्रू अक्षर असतं, ‘मोठा चमत्कार इथे घडला’ म्हणून. आमच्यावर ‘शीन’, ‘तिथे घडला’. तुझ्या लेकीने तिचा भोवरा माझ्या पोरीला पाठवावा आणि आमचा तिला पाठवतो. तिच्या वर्गात ती एकटीच यहुदी आहे रे. ‘इथे’ लिहिलेला भोवरा असलेली एक मैत्रीण तिला आहे, हे तिला हातात धरून बघू दे.

पुरिमला पुरणपोळी, आणि गोष्ट वाचताना दुष्ट हामानचं नाव आलं की स्टीलच्या ताटल्या वाजवायच्या. शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवतो, पोळ्याही देतो.

आता पुन्हा पेसाख, कारण जिथे मी चुकलो ते दुरुस्त कसं केलं हे तुला सांगायचंच आहे. आदल्या रात्री दिवे मालवून हामेत्स, म्हणजे पेसाखला न चालणारं आंबवलेलं, शोधतो. पावाचे दहा तुकडे मी कागदात गुंडाळून लपवतो, पोरं मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन निघतात. दहाच्या दहा सापडेपर्यंत कुणी झोपत नाही. खजुराचा शिरा आई करते आणि पोरं त्यात साखरेचे खडे रोवून भिंत बांधतात, मिसरातल्या गुलामांची. मात्साचं, म्हणजे न आंबवलेल्या भाकरीचं, पीठ भिजल्यापासून 18 मिनिटांत भाजून झालं पाहिजे, तर एकदा साध्या पिठावर घड्याळ लावून शर्यत केली. घाईत निघालेल्या लोकांची घाई त्यांना अंगावर कळली.

सेदर आम्ही आता खाली चटईवर, उशा-लोड घेऊन करतो. पुण्यात 1874 साली छापलेल्या मराठी हग्गादातली चित्रं मी त्यांना दाखवली, त्यात बायका लुगडी नेसून मात्सा करतायत. पोरगी म्हणाली, ‘ही तर आजी!’ तेव्हा आजीने उठून कपाटातली दोन निळी नऊवारी काढली. एक टोक मी धरलं, एक बायकोने, दुसरं लुगडं दोघा पाहुण्यांनी. मधून तांबडा समुद्र दुभंगला. धाकटा पोळपाट डोक्यावर घेऊन पार गेला, मग परत आला, मग पुन्हा गेला. अकरा वेळा मिसर सोडलं त्याने. जेवायला उशीर झाला, पण भुकेने कुणी रडलं नाही, कारण या वेळी उकडलेले बटाटे कारपासला, सुरुवातीच्या भाजीलाच, भरपूर ठेवले होते. हे तूही कर. सेदरच्या सुरुवातीला मूठभर भाजी नाही, पोटभर ठेव.

मा निश्तना धाकट्याने विचारलं. हिब्रूत पहिली ओळ, पुढे मराठीत, ‘ही रात्र बाकीच्या रात्रींसारखी का नाही?’ बाबांच्या जागी बसून मी उत्तर द्यायला लागलो आणि मला बोलता येईना. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ‘आम्ही मिसरात फिरऔनाचे दास होतो’ हे वाक्य तिने सुरू केलं. या वेळी टेबलाखाली कुणी झोपलेलं नव्हतं.

तू म्हणशील, एवढं सगळं करायला वेळ कुठे आहे. माझ्याही घरी दर सणाला एवढं होत नाही. एका सणाला एक काम नेम, बाकी जसं चाललंय तसं चालू दे. तुमच्याकडे योम किप्पूरला रस्ते रिकामे पडतात आणि मुलं हायवेवर सायकली चालवतात, ते माझ्या पोरांना स्वप्नासारखं वाटतं. सगळा देशच सण पाळतो, ती श्रीमंती तुझ्याकडे आहे. आमच्याकडे आजी आहे, खोबरं आहे आणि ही जुनी नावं आहेत. ती तुझ्या पोरांचीही आहेत, म्हणून इतकं लिहिलं.

तुम्ही सगळे तू बिश्वात या झाडांच्या सणाला याल का? अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, टापाशी (खडकावरच्या खुणेशी) जाऊ, मलिदा करू. पोहे भिजवणं आणि पाच फळं निवडणं चारही पोरांवर सोपवू. आईचे गुडघे दुखतात, पण तुम्ही येणार म्हटलं तर ती येईल.

पाकिटात मनुका कुस्करतानाचं चित्र आहे, धाकट्याने काढलेलं. जांभळे हात ते त्याचे. वहिनींना नमस्कार, पोरांना खूप खूप पापे. भोवऱ्याचं विसरू नकोस.

शाना तोवा.

तुझाच