आंबलेल्या ज्वारीत हात घालणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचा पत्ता माझ्याकडं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

2019 चा ऑगस्ट. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्या वर्षी ती 55 च्या वर गेली. आमचा शिरोळ तालुका म्हणजे पंचगंगा आणि कृष्णेच्या मधला. इथं पाणी एकदा शिरलं की लवकर निघत नाही.

पूर ओसरल्यावर माणसं खूप आली. कुणी भिंतीवरच्या खुणेचे फोटो काढले, कुणी साड्या दिल्या, बिस्किटांच्या पुड्यांचा तर ढीग झाला. पंचनाम्याला आलेले उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "घर उभं आहे की!" उभं होतं. पण आत चूल चिखलात, शेणी भिजलेल्या, गॅसची टाकी वाहून गेलेली आणि वर्षाची ज्वारी पाण्यात. हे त्यांच्या कागदात कुठं बसत नव्हतं. मला अजून त्याचा राग येतो.

तुम्हीही पाहणीचा कागद घेऊनच आलात. पण आधी बाही सारून कणगीत कोपरापर्यंत हात घातलात, मूठभर ज्वारी वर काढून नाकाशी धरलीत. त्या वासानं आमचीच पोरं घराबाहेर पळत होती. तुम्ही तोंड फिरवलं नाहीत. सासूबाई ती ज्वारी वाळवून दळायच्या विचारात होत्या. त्यांचा हात धरून म्हणालात, "आजी, बुरशी आलीय. जनावरांनाही घालू नका." त्या तेव्हा पहिल्यांदा रडल्या.

मग विचारलंत, "घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? काल तिनं काय खाल्लं?" शेवटी जेवणारी मी. कोरा चहा आणि दोन बिस्किटं, एवढंच. घरातल्या पुरुषांना ते तुमच्यामुळं कळलं. डाळ किती दिवसांत शिजली नाही, उसनं कुणाकडून आणलं, आणि मिळालेला गहू दळायला गिरणी चालू आहे का, हेही तुम्हीच विचारलंत. लाईट नव्हती, गिरणी बंद, गहू तसाच पोत्यात होता.

पुढं आलेल्या मदतीत तयार पीठ होतं, तूरडाळ, तेल, मीठ होतं. तुमच्या कागदामुळंच आलं, असं आम्ही बायका आजही धरून चालतो.

पोटाची विचारपूस करणारी माणसं शिकलेल्यांत असतात, हे मी तुमच्यामुळं मानायला लागले. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी स्वतःच यादी केली: कुणाचं धान्य भिजलं, कुणाकडं जळण आहे, कुठली बाळंतीण उपाशी आहे. पहिला अधिकारी आला तेव्हा ती यादी मीच त्याच्या हातात दिली.