नऊ एकांचा वर्ग

प्रिय अनंतास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रातली १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या कोणकोणत्या प्रकारांत मोडते, असे तू विचारले आहेस. ही सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. गुणाकार कागदावर मांडलास, की नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात, मधल्या घराखाली नऊ एक जमतात आणि कोठेही हातचा येत नाही. म्हणूनच ती डावीकडून आणि उजवीकडून सारखीच वाचता येते. दहा एक घेतले, की मात्र हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येऊन सगळी घडी विस्कटते.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी वर्षे शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना डेम्लो हे नाव दिले, तेही आजच्या डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून. त्यांनीच मांडलेल्या हर्षद संख्यांतही ती बसते, कारण तिच्या अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. तिचे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे दोन तुकडे करून मिळवलेस, तर ९९९९९९९९९ येते. ही बेरीज स्वत: कापरेकर संख्या आहे, म्हणजे तिच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की तीच संख्या परत येते: तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, आणि ९९९९९९९९८ मध्ये १ मिळवला की पुन्हा तीच संख्या!

हे सारे गुण मला मनापासून आवडतात, पण ते आपल्या दशमान लेखनावर अवलंबून आहेत. लेखनपद्धती बदलली तरी जे टिकते, ते तिच्या मूळ अवयवांत आहे. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि ३३३६६७ ही मूळ संख्या आहे; म्हणून आपल्या संख्येत ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग येतो, आणि विभाजक ५ × ३ × ३ म्हणजे ४५ होतात. ती संख्या सोडून उरलेल्या ४४ विभाजकांची बेरीज तिच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते, म्हणजे परिपूर्ण संख्येपासून, जिच्यात ही बेरीज संख्येइतकीच भरते, ती बरीच दूर आहे.

या अवयवांत ४ ने भागल्यावर १ उरणारा अवयव एकटा ३७, आणि ३७ चा वर्ग म्हणजे ३५ व १२ यांच्या वर्गांची बेरीज. ३५ आणि १२ यांना ३००३००३ ने गुणलेस, की १०५१०५१०५ आणि ३६०३६०३६ या बाजूंचा काटकोन त्रिकोण मिळतो, ज्याचा कर्ण १११११११११ आहे. ४ ने भागल्यावर १ उरणारा अवयव एकच असल्यामुळे पूर्णांक बाजूंचा, एवढ्या कर्णाचा दुसरा काटकोन त्रिकोण नाही. ही बेरीज तू हाताने करून पाहा आणि मला कळव.

तुझा,
माधव