ताई, त्याच्या घरी एकटी जाऊ नकोस

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास त्याला आज चार दिवस झाले. न्हाणीघराचं काम अर्धवट टाकून मिस्त्री एकोणीस दिवस फिरकलेला नाही, फोन उचलत नाही, निम्म्याहून जास्त पैसे त्याच्याकडे जाऊन बसलेत, हे तू रडवेल्या आवाजात सांगत होतीस आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर "लिहून का नाही घेतलंस?" चुकलं माझं. आधी तुझं सगळं ऐकून घ्यायला हवं होतं.

ते झालं. पण काल दादा म्हणाला, तू शनिवारी संध्याकाळी मिस्त्रीच्या घरी जाणार आहेस, एकटी, आणि पैसे घेतल्याशिवाय उठणार नाहीस. ताई, जाऊ नकोस. बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल, एवढं एक ऐक. घर त्याचं, माणसं त्याची, तू चिडलेली. काही वेडंवाकडं झालं तर आत्ता जे तुझ्या बाजूनं आहे तेही हातचं जाईल.

आणि तुझ्या बाजूनं बरंच आहे. कागद नाही म्हणजे सगळं संपलं, हे आधी मनातून काढून टाक. १८७२ चा करार कायदा आजही चालतो. दोन जाणत्या माणसांनी राजीखुशीनं, कायद्याला धरून असलेल्या कामासाठी, मोबदला ठरवून शब्द दिला की तो करार झाला. दहावं कलम तेच सांगतं. कागद हवाच, असं कायदा काही ठरावीक व्यवहारांपुरतंच म्हणतो. न्हाणीघराचं काम त्यात येत नाही. प्रश्न उरतो तो फक्त शाबीत करण्याचा.

एकतीस वर्षं मी कोर्टात जबान्याच टाईप केल्या. न्यायाधीश साहेब साक्षीदाराचं ऐकून मजकूर सांगायचे आणि माझी बोटं चालायची. एका गवंड्याच्या दाव्यातला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा अजून डोळ्यांसमोर आहे. काम ठरलं त्या दिवशी तो टेपचं दुसरं टोक धरून उभा होता. काय ठरलं ते त्याला धड सांगता येईना. शेवटी साहेबांनी विचारलं, तू डोळ्यांनी काय पाहिलंस ते सांग. तो म्हणाला, मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली, भिंतीवर मापं लिहिली आणि खाली दिवस किती लागतील ते लिहिलं. त्या भिंतीचा फोटो फायलीत होताच. दावा मंजूर झाला.

तुझ्या न्हाणीघरात दारामागे असेच आकडे आहेत. मागच्या महिन्यात तू व्हिडिओ कॉलवर दाखवलंस तेव्हा मी नीट पाहिलेत. चौकटीची रुंदी, धरायच्या दांडीची उंची, खाली आडवी रेघ आणि त्याखाली तारीख. त्यांचा फोटो काढ, मोजपट्टी बाजूला धरून. कुणालाही ती भिंत पुसू देऊ नकोस. अर्धवट निघालेल्या फरश्या, उघडा पडलेला पाइप, कोपऱ्यातला माल, सगळ्याचे फोटो काढ. काम ठरलं तेव्हा शेजारच्या काकू तिथे होत्या ना? जे ठरलं ते ज्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, त्यांची साक्ष चालते. दादाची चालणार नाही, त्याला सगळं तुझ्याकडून कळलंय.

मोबाइलवरचे त्याचे मेसेज, "सोमवारी येतो ताई" हा आवाजी निरोप, पैसे पाठवल्याच्या नोंदी, यातलं काहीही पुसू नकोस आणि एवढ्यात फोनही बदलू नकोस. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा आलाय, भारतीय साक्ष्य अधिनियम. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा दाखल करताना सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा नमुना कायद्यातच दिलाय, वकील भरून घेतील.

आता नोटीस. फोनवर भांडून काही होत नाही, लेखी कळवायला हवं. काय ठरलं, पैसे कधी कसे दिले, काम कुठे थांबलं, सगळं तारीखवार, एकही वाईट शब्द न घालता. पोच मिळेल अशा टपालानं पाठवायची आणि तोच मजकूर त्याच्या मोबाइलवर. दुसरा माणूस लावून काम पुरं करून घ्यायचं आणि तो खर्च पहिल्याकडून मागायचा, हा हक्क २०१८ च्या दुरुस्तीनं स्पष्टपणे दिलाय. विशिष्ट अनुतोष कायदा, म्हणजे ठरलेलं पुरं करून मागण्याचा कायदा, त्याचं विसावं कलम. पण त्याला किमान तीस दिवसांची लेखी नोटीस लागते. म्हणून म्हणते, उद्याच दुसरा मिस्त्री उभा करू नकोस. तीस दिवस जाऊ देत.

तुझी घाई कशासाठी आहे ते मला कळत नाही असं समजू नकोस. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना तुझ्याकडेच न्यायचं, त्यांच्या वॉकरसाठी चौकट रुंद करायची, उंबरा काढायचा, हे तू मनाशी किती दिवस घोकत होतीस. स्वतःच्या कमाईचं घर घेतलंस आणि पहिलं काम बाबांसाठी काढलंस. हे मी कुणाला सांगायला लागले की माझा आवाज लागत नाही. पण बाबा आणखी महिना-दीड महिना इथे राहतील. त्यांनीच सांगितलंय, "तिला म्हणावं, माझ्यापायी धावपळ करू नकोस." रात्री ते उठले की मी उठते, एकदाही एकटं जाऊ दिलेलं नाही. दिवा रात्रभर चालू असतो.

तू मात्र एकटी निघाली आहेस.

बरं. बाबा कधी येणार हे तू मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस ना? तेही नोटिशीत यायला हवं. करार मोडल्यावर जे नुकसान सहज होतं, किंवा होणार हे दोघांनाही आधीच ठाऊक होतं, तेच मागता येतं, करार कायद्याचं त्र्याहत्तरावं कलम. मनस्तापाची वाटेल ती रक्कम लिहू नकोस. नुकसान वाढू नये म्हणून तू काय केलंस तेही बघतात. आणखी एक, समजा तो परवा दारात आला आणि "करतो काम" म्हणाला. घे करून, पण त्याच वेळी लेखी कळव की उशिराची भरपाई मी मागणार आहे. मुदत महत्त्वाची असताना उशिराचं काम गुपचूप पत्करलं की तो हक्क जातो, त्याच कायद्याचं पंचावन्नावं कलम. माणसं इथेच फसतात. काम सुरू झाल्याच्या आनंदात कुणाला सुचतच नाही.

त्याचं ड्रिल मशीन आणि हत्यारांची पिशवी विकून टाकीन म्हणालीस ते मनातूनही काढ. आपले पैसे अडकले म्हणून दुसऱ्याची वस्तू विकता येत नाही. उलट तक्रार करायची पाळी त्याची येईल. पिशवीतल्या एकेका वस्तूचा फोटो काढ, यादी कर, आणि सही करून घेऊन जा असं नोटिशीतच लिही. त्याचं पोट त्या हत्यारांवर आहे. चौकट त्यानं बसवली, तीही चांगली बसवली, तेवढ्या कामाचे पैसे त्याचेच. हिशेबात ते वजा कर. तू असा हिशेब मांडलास की ऐकणाऱ्याचा तुझ्यावर विश्वास बसतो. मी समोर बसून पाहिलंय ते.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार दे, असं तुझ्या ऑफिसात कुणीतरी सांगितलंय म्हणे. फसवणुकीला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ला, सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू असावा लागतो. यानं नऊ दिवस राबून काम केलंय. नुसता करार मोडणं म्हणजे फसवणूक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलंय. एके काळी उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला तुरुंगात धाडता येत असे, १८५९ चा तसा कायदाच होता. १९२५ च्या कायद्यानं तो रद्द झाला आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं.

तुझ्यासाठी जवळची वाट ग्राहक आयोगाची. पैसे घेऊन दिलेली सेवा अपुरी ठेवली, एवढं त्यांना पुरतं. तू राहतेस त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारून बघ. दिवाणी दाव्याला करार मोडल्यापासून तीन वर्षं मिळतात, पण तो रस्ता लांबचा. त्यापेक्षा दाव्याआधीच लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचीच किंमत असते आणि त्यावर अपील नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. लाजू नकोस, तो हक्क आहे.

बघ, पुन्हा शिकवायलाच बसले. शाळा सुटल्यावर तू कोर्टात यायचीस आणि माझ्या खुर्चीमागे बाकावर गप्प बसायचीस. एकदा घरी जाताना विचारलंस, "आई, तो आजोबा खरं बोलत होता, मग सगळे त्याला परत परत का विचारत होते?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नाची तू अजून तशीच आहेस, कुणी शब्द दिला की तो खरा धरतेस. मिस्त्रीच्या शब्दावर विसंबलीस यात तुझा दोष नाही. रविवारी हेच म्हणायचं होतं, दुसरंच बोलून बसले. माफ कर.

नोटिशीचा मसुदा मी आज रात्री टाईप करून पाठवते. तारखांच्या जागा मोकळ्या ठेवीन, त्या तू भर. मग वकिलांना दाखवू. मिस्त्रीशी समोरासमोर बोलायचंच असेल तर त्याला सोसायटीच्या ऑफिसात बोलाव, दिवसाउजेडी, काकू आणि दादा सोबत हवेत.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मी फोन करीन. घरूनच उचल.

तुझी,
आई